पांढरी जीप आणि एक खुलासा

...आणि एवढं सगळं झाल्यावर माणूस जीपभोवती एक फेरी मारतो, बोनेटवर बोट फिरवतो, मान वाकडी करून एक डोळा मिटतो आणि विचारतो काय? तर, "ब्रशनं मारलाय व्हय?"

हो! ब्रशनं मारलाय! ब्रशनं मारायला बंदी आहे का? तुम्हाला सांगतो, उभी हयात बातमीदारीत गेली माझी. वाळूवाल्यांनी दम दिला, भर सभेत माझा प्रश्न आला की लाईट जायची, एका पुढाऱ्यानं तर माझ्या अंगावर हार फेकला, नारळासकट. त्या कशानं मी हललो नाही. पण हा प्रश्न... हा प्रश्न ऐकला की माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढतं. कारण विषय रंगाचा नव्हताच हो. विषय होता राखेचा!

थांबा, मुळापासून सांगतो. आमचं गाव उंब्रजपासून लांब नाही आणि सांगलीला जवळ नाही, त्यामुळं दोन्हीकडच्या एसट्या आम्हाला दुसऱ्याचं गाव समजून पुढं जातात. गावाला लागून साखर कारखाना. नाव घेणार नाही. वकिलांनी सांगितलंय, नाव घेऊ नका. चिमणीवर उभ्या अक्षरांत लिहिलंय, ज्याचं त्यानं वाचावं. तर ऊस तुटायला लागला की बॉयलर पेटतो, आणि बॉयलर पेटला की आमच्या गावावर काळं पडायला लागतं. खसखशीएवढी राख. पहाटेच्या पारी जास्त. दह्यावर पडते, धोतरावर पडते, पारावर झोपलेल्या म्हाताऱ्याच्या टकलावर पडते. सीझनभर आमच्याकडचे बगळेसुद्धा राखी रंगाचे असतात. बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला वाटतं, काहीतरी वेगळीच जात दिसते.

हे मी लिहिलं. यात माझं काही चुकलं का? 'कारखान्याच्या राखेने ग्रामस्थ हैराण.' साधी बातमी. आतल्या पानावर. दोन दिवसांत कारखान्याचं पत्र. 'आमच्या चिमणीतून राख पडत नाही. चिमणीस अद्ययावत यंत्रणा बसवलेली आहे. सदर बातमीदाराकडे पुरावा काय? पुरावा नसल्यास पहिल्या पानावर खुलासा छापावा.' आणि खाली सही कुणाची? विश्वजीतची! कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी. अहो, हा विश्वजीत माझ्या हाताखाली तयार झाला! पहिली बातमी घेऊन आला तेव्हा मी त्याचा कागद परत केला होता आणि म्हणालो होतो, "विश्वजीत, बातमीदारानं एकच प्रश्न विचारायचा असतो. पुरावा काय?" बघा. विद्या कुठं जाते आणि कुठून परत येते.

आता तुम्हाला वाटेल, खुलासा म्हणजे काय, चार ओळी. तुम्हाला चार ओळी हो! बातमीदाराला खुलासा म्हणजे भर चावडीवर मिशा उतरवणं. आख्ख्या नोकरीत माझ्या नावावर एक खुलासा नाही. एकदा शुद्धिपत्र आलं होतं, पण ते राशिभविष्याचं होतं, आणि ते मी लिहीत नव्हतो. आता निवृत्तीला आलोय, आणि जाताना पहिल्या पानावर चौकटीत, 'सदर बातमीदाराच्या माहितीत तथ्य आढळले नाही'? म्हणजे उद्या मी मेलो, की लोक म्हणणार, खरंच मेलाय का, एकदा खात्री करा.

सांगलीच्या कार्यालयातून संपादकांचा फोन. संपादक म्हणजे संयोगिताबाई, वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड. "सर, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पण सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर खुलासा लावावा लागेल. कारखान्याच्या वर्धापनदिनाची पुरवणी आहे ना सर आपल्याकडं." पूर्ण विश्वास! सोमवारपर्यंत!

गेलो बायडाबाईकडं. बायडाबाई आमच्या समोर राहतात, आणि बातमीत त्यांचंच वाक्य होतं, 'आमच्या कुरडया काळ्या पडत्यात.' म्हटलं, एवढं सगळ्यांसमोर सांगा. बाई त्या वेळी अंगणात चादर झटकत होत्या, आणि त्या चादरीतून जे उडत होतं ते माझ्या नाकात जात होतं, आणि बाई मला म्हणतात, "म्या कवा म्हटलं असं?"

"अहो, तुम्हीच म्हणालात! काळ्या कुरडया!"

"आवं, आमच्या जालिंदरला कारखान्यात पर्मनंट केलाय, पेढं न्हाई मिळालं तुमास्नी? तुमच्या मंडळींकडं, विजयमालाकडं दिल्याती."

"पेढे राहू द्या. त्या सुपातल्या कुरडयांवर काळं काळं काय आहे?"

बाईंनी सुपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तीळ हायत."

"कुरडईत तीळ?"

"आमच्यात घालत्यात."

मी नाक पुसत घरी आलो.

आणि याच आठवड्यात जीपचं पासिंग! संकट काय सांगून येतं होय? जीप जुनी, मानाची. तपासणीला नेली तर तिथल्या साहेबांनी दारावर टिचकी मारली, दाराचा एक तुकडा त्यांच्या हातात आला, तो त्यांनी मला परत दिला आणि म्हणाले, "रंग मारून आणा." जोतीरामच्या गॅरेजला गेलो. तिथं उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. जोतीराम ट्रॉलीच्या खालून बोलला, तोंड काही दिसलं नाही. "सीझन हाय सायेब. पट्टा पडल्यावर या." पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर! आमच्याकडं माणसाचं लग्न, गाडीचा रंग, सगळं कारखान्याला विचारून.

आणि इथं नाथाजीराव आले. नाथाजीराव म्हणजे आमचे मेव्हणे, विजयमालेचे थोरले बंधू, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. माणूस देवमाणूस, पण फौजेतनं येताना एक ब्रश घेऊन आला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात कुठलीच वस्तू आपल्या मूळ रंगात राहिली नाही. तुळशीवृंदावन रंगवलं, विहिरीवरची मोटार रंगवली, घरापर्यंतच्या वाटेचे दगड एक लाल एक पांढरा. म्हैस वेळेवर उठली म्हणून वाचली.

"दाजी," म्हणाले, "गॅरेजवाल्याच्या पाया पडायचं काय कारण? लेहला आमी आख्खा कॉन्व्हॉय ब्रशनं मारलाय. जनरलसाब इन्स्पेक्शनला आलं, आन् गाडीच्या दारात तोंड बघून टोपी सरळ केली! दारात, दाजी! आरशात न्हवं!"

आता यावर कुणी नाही म्हणेल का? मी म्हटलं, मारा. रंगावरून थोडी चर्चा झाली. नाथाजीरावांचं मन फौजी हिरव्यावर. म्हटलं, तो साध्या माणसाला चालत नाही, आत टाकतील. विजयमाला म्हणाली, आकाशी. शेवटी मी निर्णय दिला, पांढरा. पत्रकाराची गाडी आहे, तिच्यावर एक डाग दिसता कामा नये.

हे वाक्य मी स्वतः बोललो. साक्षीदार आहेत.

शनिवारी सकाळी काम सुरू. आधी पॉलिश पेपरनं गंज घासायचा. घासता घासता कळलं की काही ठिकाणी गंजच होता, पत्रा नव्हता. मग तिथं लांबी भरली, म्हणजे भोकं बुजवायचा तो मलम. एवढी भरली की जीपचं वजन वाढलं. मग काचांना, दिव्यांना कागद चिकटवायचे. विजयमालेनं माळ्यावरची रद्दी काढून दिली, आणि बघतो तर हेडलाईटवर कोण? मीच! 'राखेने ग्रामस्थ हैराण,' आणि वर माझं नाव. म्हटलं, "अगं, ही बातमी!" म्हणाली, "मग काय झालं? तुमी म्हणता ना, पत्रकारानं उजेड पाडावा. पाडा की."

आणि ब्रश मारायला सुरुवात केली मात्र, आख्खं गाव जमा. तुम्हाला सांगतो, आमच्या गावात माणूस मेला तर खांद्याला चौघं शोधावे लागतात, पण कुणी हातात ब्रश धरला की मार्गदर्शनाला चाळीस. "आडवा मारा." "उभा मारा." "आधी उभा, मग आडवा." "टर्पेंटाइन घातलं का?" "टपाला विसरलायसा." आणि प्रत्येक नवीन येणारा, डोळ्यांनी दिसतंय, नाथाजीरावांच्या हातात ब्रश आहे, कोपरापर्यंत माणूस पांढरा झालाय, तरी विचारणार, "ब्रशनं मारताय व्हय?" नाही, चमच्यानं!

पण नाथाजीरावांचं चित्त ढळलं नाही. रंगात त्यांनी तेल ओतलं. मग आणखी ओतलं. म्हटलं, जास्त होतंय. "दाजी, तेल जास्त झालं की ब्रशच्या रेघा आपोआप बसत्यात. वाळायला येळ लागतोय, पर सकाळी बघा. काच! तोंड बघून दाढी करा!" आणि खरंच हो, संध्याकाळी ती जीप अंगणात अशी उभी राहिली... बोनेटवर आभाळ दिसत होतं. नाथाजीराव चार पावलं मागं गेले, टाच जुळवली. मला वाटलं, सलाम करतात.

ओली जीप रात्रभर अंगणात राहिली.

आता तुम्ही हुशार माणसं आहात. तुमच्या डोक्यात जे आलं, ते आमच्या दोघांच्या डोक्यात का आलं नसेल? मी राखेविरुद्ध बातमी लिहिणारा. राखेपायी माझी अब्रू टांगलेली. आणि मी तेल घातलेला पांढरा रंग, उघड्या अंगणात, चिमणीच्या समोर वाळत घातला! पण कसं असतं, राख आमच्या इतकी अंगवळणी पडलीय, की ती पडते हे आम्हाला फक्त लिहिताना आठवतं.

सकाळी उठलो. नाथाजीराव जीपसमोर बनियनवर उभे. बघितलं तर, तुम्ही ज्वारीची भाकरी बघितलीय ना, करपलेल्या ठिपक्यांची? तशी जीप! टपापासून मडगार्डपर्यंत काळे ठिपके, रंगात रुतून बसलेले, वरून कोरडं खणखणीत. मी तोंडातली राखुंडी थुंकली आणि पॉलिश पेपर घेऊन धावलो. म्हटलं, घासा! घासा सगळं! नाथाजीरावांनी दुसरा कागद घेतला. आणि आम्ही आता हात लावणार, तोवर विजयमाला चहा घेऊन आली, जीपकडं बघितलं, आणि चहा कठड्यावर ठेवत शांतपणे म्हणाली,

"आठवडाभर पुरावा पुरावा म्हणून कोण बोंबलत होतं?"

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला कागद गळून पडला. पुरावा! चार चाकांचा! मी तिथल्या तिथं नाथाजीरावांना मिठी मारली. तो माणूस मात्र सुतकात. "दाजी, आणखी एक हात मारू द्या. लोक काय म्हणतील? सुभेदारानं असलं काम केलं?" म्हटलं, ब्रश खाली ठेवा. पण मी अंघोळीला गेलो तेवढ्यात या माणसानं आख्खं बोनेट परत पांढरंशुभ्र केलं! मी कपाळाला हात लावला. पण काय गंमत, सोमवारी पहाटे उठून बघतो तर बोनेटही तयार. तसंच ठिपकेदार. म्हणजे पुरावा एकदा नाही, दोनदा. आता चौकशी कुणीही करावी!

निघालो सांगलीला. रस्त्यात चहाला थांबलो तर पोरांनी जीपला गराडा घातला. म्हटलं, चला, जनता जागी झाली. पोरं मोबाईल काढून फोटो घ्यायला लागली. एक जण म्हणाला, "काका, लय भारी! ग्रॅनाइट फिनिश हाय न्हवं?" म्हटलं, "बाळांनो, ही राख आहे. तुमच्या फुप्फुसांत जाणारी राख!" पोरगं वाकलं, नखानं खरवडलं, आणि मित्राला म्हणालं, "ब्रशनं मारलाय रं."

कार्यालयात संयोगिताबाई खाली आल्या. जीपभोवती फिरल्या. मला वाटलं, आता म्हणतील, सर, उद्याचं पहिलं पान तुमचं. म्हणाल्या, "सर... ब्रशनं का?" तरी फोटो काढायला लावला, नाही म्हणणार नाही. फोटो छापून बघितला. आता आमच्या पेपरची छपाई तुम्हाला माहीत आहे. आमच्या पेपरात नवरदेवाच्या तोंडावरसुद्धा तसेच ठिपके येतात. पानावर जीप बघितली तर कुठला ठिपका राखेचा आणि कुठला शाईचा, मलाच कळेना. बाई म्हणाल्या, "सर, वाचकाला यात काही वेगळं दिसणार नाही."

मग मी जीप वळवली ती थेट कारखान्यावर. म्हटलं, होऊन जाऊ दे! आत गेलो तर माझ्या बातमीवर आधीच समिती बसवलेली. 'काजळी निवारण उपसमिती.' म्हटलं, काजळी पडतच नाही तर निवारण कसलं करता? विश्वजीत म्हणाला, "अण्णा, म्हणून तर पडत न्हाई." मी शिकवलेला पोरगा!

समिती व्हरांड्यात आली. सगळे जीपभोवती एकदा उजवीकडून फिरले, एकदा डावीकडून. एकानं वास घेतला. मी म्हटलं, "बोला! हा घ्या पुरावा!" मग विश्वजीतनं बोनेटवर बोट फिरवलं, मान वाकडी केली, एक डोळा मिटला...

"अण्णा, ब्रशनं मारलाय व्हय?"

"हो, पण..."

"मग झालं तर. ब्रशचं केस हायत हे. हलका ब्रश असला की गळत्यात."

"केस गोल असतात का रे?"

"तुटून तुटून हुत्यात."

तेवढ्यात चहा आला. आणि आता ऐका. आम्ही सगळे व्हरांड्यात, हातात कप, वर चिमणी. विश्वजीतच्या कपात वरून एक ठिपका पडला. टप्. माझ्या डोळ्यांदेखत! आणि त्यानं काय केलं? करंगळीच्या नखानं तो अलगद काढला, पॅन्टला पुसला, आणि बोलणं न तोडता चहा प्यायला लागला. बघितलं तर समितीतला प्रत्येक माणूस तेच करतोय. एकाच वेळी. करंगळी, पॅन्ट, घोट. करंगळी, पॅन्ट, घोट. कवायतच! मी ओरडलो, "हे काय पडलं तुझ्या कपात?" विश्वजीतनं नखाकडं बघितलं.

"चहाची पूड हाय, अण्णा."

आणि खरं सांगू? माझी करंगळीसुद्धा माझ्या कपात होती.

खुलासा छापून आला. पहिल्या पानावर, चौकटीत. 'सदर बातमीदाराने सादर केलेल्या वाहनाची समितीने बारकाईने पाहणी केली असता, वाहनावरील ठिपके हे निकृष्ट व घरगुती ब्रशकामामुळे उद्भवल्याचे निष्पन्न झाले.' निष्पन्न! हा शब्दसुद्धा त्याला मीच शिकवला होता. मी दिवसभर बाहेर पडलो नाही. आणि नाथाजीराव? ते पेपर हातात घेऊन तरातरा आले. मला वाटलं, माझ्यासाठी आले. "दाजी! 'निकृष्ट' कुणाला म्हणतोय त्यो? 'घरगुती' म्हणला असता तर मी गिळलं असतं! कोर्टात खेचतो!" म्हणजे माझी हयात गेली ती गेली, घरात दुःख ब्रशचं. विजयमालेनं तो पेपर घडी करून रद्दीत ठेवला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. कधी परत रंगकाम काढलं तर हेडलाईटला हुईल."

इथं संपलं असतं तरी मी सहन केलं असतं. शपथेवर सांगतो, केलं असतं. पासिंगसुद्धा झालं. साहेब म्हणाले, "ब्रशनं मारलाय वाटतं," आणि शिक्का मारला.

पण काल दुपारी दारात हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघतो तर विश्वजीत. स्वतःची गाडी घेऊन. उतरला, पाया पडला. म्हटलं, आता काय, पोस्टर छापायचंय माझं?

"अण्णा, राग धरू नका. नोकरी हाय. एक काम होतं." घुटमळला. "त्या पोरांनी तुमच्या जीपचा फोटो स्टेटसला टाकलाय. लय फिरतोय. तसाच रंग माझ्या गाडीला मारून पायजे."

नाथाजीराव आतून ब्रश घेऊनच बाहेर आले. माणसाचा अपमान किती पटकन विरघळतो! म्हटलं, "मारू की. पण आता नाही. उन्हाळ्यात मारू, निवांत. कारखाना बंद झाला की."

"न्हाई न्हाई!" विश्वजीत एकदम पुढं आला. "तवा न्हाई, अण्णा. आत्ताच. पट्टा पडायच्या आत झालं पायजे."

"का रे?"

विश्वजीतनं गाडीची किल्ली खिशात घातली, परत काढली.

"का रे विश्वजीत? ठिपके तर ब्रशचे असतात. समितीनं पाहणी केलीय. निष्पन्न झालंय. ब्रश उन्हाळ्यातसुद्धा हाच राहणार."

तुम्हाला सांगतो, त्यानं चिमणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नाथाजीरावांच्या हातातल्या ब्रशकडं बघितलं. मला वाटलं, आलं आता ओठांवर. आलं! आयुष्यभराची बातमी माझ्या अंगणात उभी आहे, आणि ऐकायला साक्षीदार कोण? एक मेव्हणा, एक बायको, आणि समोर तीळ वाळत घालणाऱ्या बायडाबाई!

विश्वजीतनं घसा साफ केला.

"आवं अण्णा," म्हणाला, "ब्रशला बी सीझन असतोय की."

म्हटलं, घे गाडी आत. आणि तोंड चिमणीकडं करून लाव, बोनेटवर दाट येतात.